लाहबाबच्या लाल वाळूवर

आईच्या गिरगावातल्या घराच्या खिडकीतून, समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून, चौपाटीचा हातभर तुकडा दिसतो. आम्ही तिघे जानेवारीत दुबईला जाऊन वाळवंटातल्या टेकड्यांवरून फळीवर उभे राहून घसरणार आहोत असे मी तिला सांगितले, तेव्हा तिने त्या फटीकडे हात केला आणि विचारले, "वाळूत घसरायला विमानाने जायचं? ही काय कमी पडली?"

चौपाटीची वाळू सपाट असते आणि ओली असते, एवढेच उत्तर मला त्या वेळी सुचले. ते चुकीचे नव्हते. घसरण्यासाठी दोनच गोष्टी लागतात, उतार आणि कोरडेपणा, आणि मुंबईत वाळूच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. लहानपणी आमच्या चाळीच्या दुरुस्तीसाठी अंगणात रेतीचा ट्रक रिकामा होई, आणि त्या ढिगावरून पुठ्ठ्यावर बसून घसरण्याचा आम्ही पोरांनी कितीतरी वेळा प्रयत्न केला होता. खाडीतून काढलेली ती ओलसर रेती पुठ्ठा जागच्या जागी धरून ठेवत असे. पुठ्ठा राही आणि आम्ही पुढे पडत असू. मग मुकादम ओरडत येई. या खेळाशी माझा तेवढाच पूर्वानुभव.

खरे म्हणजे तेवढाच नाही. चार वर्षांपूर्वी आम्ही दुबईला गेलो होतो, तेव्हा संध्याकाळच्या डेझर्ट सफारीच्या पॅकेजमध्ये 'सँडबोर्डिंग' हा शब्द छापलेला होता. प्रत्यक्षात आमच्यासारख्या पंचवीस-तीस जणांना एका टेकाडापाशी उतरवण्यात आले, जे जेमतेम दोन पुरुष उंच असेल. तेथे तळाला ओरखडेच ओरखडे पडलेल्या दोन फळ्या होत्या, रांग होती, आणि रांगेच्या शेवटी बसून काढलेला एक फोटो होता. फळी पुढे सरकली नाही म्हणून चालकाने मागून ढकलली. त्यानंतर उंटाची फेरी, हातावर मेंदी आणि जेवण. ज्यांना वाळवंटातील संध्याकाळ पाहायची आहे त्यांच्यासाठी हे पॅकेज वाईट नाही, परंतु त्याला सँडबोर्डिंग म्हणणे हे भेळेच्या गाडीवर उभे राहून जेवण झाले असे म्हणण्यासारखे आहे. माझ्या मुलीने तेव्हाच ठरवले होते की पुन्हा यायचे, आणि फक्त यासाठी यायचे.

या वेळी शारजात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने चौकशी करून सकाळची सहल शोधली, जिच्यात सहापेक्षा अधिक माणसे घेत नाहीत, मार्गदर्शक सोबत असतो, फळ्या प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे देतात, आणि उंट, मेंदी वगैरे काहीही नसते. आरक्षणाच्या वेळी मी तीन प्रश्न विचारले होते: फळीला पाय अडकवण्याचे पट्टे आहेत का, प्रत्येक फेरीपूर्वी मेण लावतात का, आणि एकूण वेळेपैकी टेकडीवर किती वेळ मिळतो. जो विचारणार असेल त्याने हेच तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे गुळमुळीत आली तर ती सहल फोटोसाठी आहे असे समजावे.

पहाटे सहाला गाडी आली. जानेवारीत तेथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे शहर सोडेपर्यंत अंधारच होता. दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या रस्त्याला लागल्यावर उजाडू लागले आणि मला जे पाहायचे होते ते दिसू लागले, ते म्हणजे वाळूचा बदलत जाणारा रंग. किनाऱ्याजवळची वाळू फिकट असते, कारण तिच्यात शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचा अंश मोठा असतो. आत जावे तसतशी ती पिवळी, मग नारिंगी, आणि लाहबाबच्या परिसरात विटेसारखी तांबडी होते. कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे साध्या भाषेत गंजाचा, अतिशय पातळ लेप असतो, त्याचा हा रंग. याच रस्त्यावर पुढे अल बदायर येथे 'बिग रेड' नावाची प्रसिद्ध टेकडी आहे, जिची उंची सुमारे शंभर मीटर सांगतात. ती आमच्यासाठी नव्हती. आमचा मार्गदर्शक हसून म्हणाला, "पहले छोटी से दोस्ती कर लो, साहब."

हा मार्गदर्शक मूळचा पेशावरकडचा, पस्तिशीचा, मितभाषी गृहस्थ होता. त्याचे उर्दू आणि आमचे मुंबईचे हिंदी यांची गाठ पहिल्या दहा मिनिटांतच पडली. डांबरी रस्ता संपला तेथे त्याने गाडी थांबवली आणि चारही टायरमधील हवा सोडायला बसला. पस्तीसच्या आसपास असलेला दाब पंधराच्या आसपास आला, टायर खाली पसरले, आणि गाडी वाळूवर रुतण्याऐवजी तरंगू लागली. ही युक्ती आज प्रत्येक सफारीचालकाला ठाऊक आहे. १९२०च्या आणि १९३०च्या दशकांत ईजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटांत साध्या मोटारी घालणारे ब्रिटिश सैन्यातील अभियंता राल्फ बॅग्नोल्ड आणि त्यांचे सोबती ती वापरत असत. बॅग्नोल्ड यांनी पुढे लंडनला वाऱ्याचा बोगदा उभारून वाळूचे कण कसे उडतात आणि टेकड्या कशा बनतात याचा अभ्यास केला. माझ्यासारख्या बँकेत काम करणाऱ्या माणसाने हे कशाला वाचावे असे पत्नीचे म्हणणे आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

टेकडीच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा आम्ही लगेच चढू असे मला वाटले होते. मार्गदर्शकाने खाली वाकून मूठभर वाळू उचलली, दाबली, आणि मूठ उघडली. वाळूचा लाडू झाला होता. रात्रीचे दव. हिवाळ्यात तेथे पहाटे चांगलेच धुके आणि दव पडते, आणि वरचा बोटभर थर ओला असेल तर फळी चिकटते. गिरगावच्या रेतीच्या ढिगाने मला जे चाळीस वर्षांपूर्वी शिकवले होते तेच हे. सूर्य वर येऊन उतार सुकेपर्यंत आम्ही पाऊण तास थांबलो, आणि त्या पाऊण तासात त्याने आम्हाला फळी दाखवली.

फळी लाकडी होती, साधारण माझ्या छातीपर्यंत उंच, दोन्ही टोके वर वळलेली. तिचा तळ पाहून मला स्वयंपाकघरातले कपाट आठवले, कारण तो चक्क सनमायकासारखा होता: कडक, गुळगुळीत, चकाकणारा. बर्फावर घसरताना फळीखाली घर्षणामुळे पाण्याचा अत्यंत पातळ थर तयार होतो आणि तोच वंगणाचे काम करतो. कोरड्या वाळूत तसे काही होत नाही. उलट वाळू हा काचपेपरच आहे, आणि बर्फाची फळी वाळूवर वापरली तर तिचा तळ खरवडून निघतो. म्हणून येथे तळ कडक हवा आणि त्यावर दर वेळी मेण हवे. मार्गदर्शकाने मेणाची वडी तळावर टोकापासून टोकापर्यंत फिरवली, मग हाताच्या तळव्याने चोळली, आणि शेवटी फळी वाळूवर ठेवून दोनदा पुढेमागे ओढली. मी ते पाहत होतो आणि मला आमच्या चाळीच्या गॅलरीतला कॅरम दिसत होता. बोरिक पावडर टाकल्यावर माझा थोरला काका अशीच एक रिकामी सोंगटी बोर्डभर फिरवून पाहत असे, आणि मगच म्हणे, "हं, लावा."

पुढचा पाय कोणता हे ठरवण्याची त्याची रीतही मजेची होती. त्याने आम्हाला पाठमोरे उभे केले आणि न सांगता मागून हलकेच ढकलले. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो तो फळीवर पुढे. माझा डावा पडला, मुलीचा उजवा. पत्नीने ढकलू दिलेच नाही. ती बसून घसरणार होती आणि तिने ते मुंबईतच जाहीर केले होते.

मग चढ.

याबद्दल मला कोणीही पुरेसे सांगितले नव्हते. बर्फाच्या डोंगरावर माणसाला वर नेणारे पाळणे असतात. येथे असतात ते आपले पाय. दादर स्थानकाच्या पुलाचे जिने मी रोज दोनदा चढतो आणि त्यावरून स्वतःबद्दल माझा बरा समज होता, तो पहिल्या पन्नास पावलांत गेला. वाळूत पाऊल टाकले की ते घोट्यापर्यंत आत जाते, आणि जोर दिला की मागे सरकते, त्यामुळे तीन पावले टाकून दीड पावलाचे अंतर पडते. मी सरळ तोंडावरून, म्हणजे तीव्र उतारावरूनच, चढू लागलो होतो. मार्गदर्शकाने वरून हाक मारली आणि कडेने, टेकडीच्या धारेवरून यायला सांगितले. वारा जिकडून येतो त्या बाजूची वाळू वाऱ्याने दाबून घट्ट बसवलेली असते आणि तिचा चढही सौम्य असतो. सुटी, पोकळ वाळू पलीकडे, आडोशाच्या बाजूला पडते. त्याच्या पावलांचे ठसे तेथे अर्धा इंचच खोल होते. मी त्याच ठशांत पाऊल टाकत, फळी काखेत धरून, दर वीस पावलांना निसर्गसौंदर्य पाहण्याच्या निमित्ताने थांबत वर गेलो. टेकडी तीसेक मीटरच उंच असेल, परंतु मला दहा मिनिटे लागली.

धारेवर उभे राहून खाली पाहिल्यावर पोटात खड्डा पडतो, हे कबूल केले पाहिजे. खालून जो उतार बसक्या छपरासारखा दिसत होता तो वरून भिंतीसारखा दिसतो. मुलीने मोबाइलमधील कोन मोजणारे ॲप फळीवर ठेवून पाहिले, तर बत्तीस अंश आले. मला नव्वद वाटत होते. कोरडी वाळू साधारण चौतीस अंशांपेक्षा तीव्र उतार धरूच शकत नाही, तेवढा झाला की ती स्वतःच घसरून तो कमी करते, आणि म्हणून टेकडी तीस मीटरांची असो वा तीनशे मीटरांची, तिच्या तोंडाचा उतार जवळपास तोच असतो. हे मी वाचले होते. वाचलेले असणे आणि धारेवर पाय टेकून पाहणे यांत मात्र फरक आहे. मी टाच किंचित दाबली, तशी पायाखालून ताटाएवढा वाळूचा पापुद्रा सुटला आणि जिभेसारखा लांबत, पाण्यासारखा वाहत, दहाबारा फूट खाली जाऊन गुमान थांबला. आवाज नाही, धूळ नाही. तो जेथून सुटला तेथे चंद्रकोरीसारखी खाच पडली होती, आणि मी पाहत असतानाच वरचे कण एकेक करून तिच्यात उतरू लागले व ती बुजली. मी आणखी चारदा टाच दाबली. मार्गदर्शकाने मला मनसोक्त खेळू दिले. घाबरलेल्या माणसाला कशात रमू द्यावे हे त्याला कळत असावे.

पहिली फेरी सर्वांनी बसून केली, त्यात काही सांगण्यासारखे नाही, फक्त पत्नी इतक्या मोठ्याने हसत खाली गेली की खालच्या गाडीतला दुसरा चालक बाहेर येऊन पाहू लागला.

उभे राहण्याच्या सूचना मोजक्याच होत्या. गुडघे वाकवा, पायांकडे पाहू नका, भार थोडा मागच्या पायावर ठेवा, म्हणजे फळीचे नाक वाळूत घुसणार नाही, आणि पडावेसे वाटले तर मागे बसा, हात पुढे टेकवू नका. वळण्याचा प्रयत्न पहिल्या दिवशी करूच नका, कारण फळीची कड वाळूत रुतली की फळी थांबते आणि माणूस थांबत नाही. मी डोक्यावर शिरस्त्राण आणि डोळ्यांवर गॉगल चढवला, पट्टे आवळले, आणि उभा राहिलो. काहीच झाले नाही. फळी जागच्या जागी होती. मी किंचित पुढे झुकलो, तरी काही नाही, म्हणून आणखी झुकलो, आणि मग एकदम सुरू झाले. पहिली दोन सेकंदे ती फळी नुसती सरपटते, फळीखालून खरखर ऐकू येते, आणि वेग आला की ती खरखर जाऊन एकसारखा 'स्स्स' असा आवाज लागतो, गरम तव्यावर पाण्याचा हात फिरवावा तसा. तो आवाज लागला आणि मी आनंदाने खाली, फळीकडे, पाहिले. पायांकडे पाहू नका असे सांगितले होते ते याचसाठी. नाक घुसले आणि मी तोंडावर पडलो.

वाळूवर पडल्याने फारसे लागत नाही असे सगळे सांगतात. लागत नाही, हे खरे, पण दातांत, नाकात, कानांत, शर्टाच्या आत आणि चष्म्याच्या घरात जी वाळू जाते तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. हे कण इतके बारीक आणि वाऱ्याने घासून इतके गोल झालेले असतात की ते कोठेही वाट काढतात. याच गोलपणामुळे ही वाळू बांधकामालाही बरी नव्हे, कारण सिमेंटला धरून ठेवायला तिच्यात कोपरेच नसतात. एवढ्या वाळूच्या मधोमध उभ्या राहिलेल्या शहराला बांधकामाची वाळू दुसरीकडून पाहावी लागते, ही गंमत मी तोंडातली वाळू थुंकत मुलीला सांगितली. तिने ऐकले नाही, कारण ती तोपर्यंत खाली पोहोचली होती, उभी, आणि दोन्ही हात वर केलेले.

तिसऱ्या फेरीत मी अर्ध्यावर बसलो. चौथीत शेवटच्या दहा फुटांवर पडलो. पाचवीत पहिल्यांदा तळापर्यंत उभा राहिलो, आणि खाली सपाटीवर फळी हळूहळू मंदावून थांबली तेव्हा पुढे काय करायचे ते मला सुचेना, म्हणून मी तसाच उभा राहिलो. प्रत्येक फेरीनंतर तोच दहा मिनिटांचा चढ होता. चढण्याचा मला कंटाळा येईल असे वाटले होते, परंतु चौथ्या खेपेनंतर माझे लक्ष श्वासावर कमी आणि पायाखाली अधिक जाऊ लागले. कोठली वाळू घट्ट आहे ते रंगावरून, तिच्यावरच्या लहरींवरून ओळखू येऊ लागले. बारीक, जवळजवळच्या लहरी असतील तेथे पाऊल टिकते. गुळगुळीत, मऊ दिसणाऱ्या जागी ते आत जाते. धारेच्या खाली एका ठिकाणी किड्याच्या पायांची शिवण घातल्यासारखी दुहेरी रेघ होती. दुसरीकडे एक रेघ नागमोडी जाऊन अचानक संपली होती. मार्गदर्शकाने सांगितले की ती वाळूत पोहणाऱ्या एका सरड्यासारख्या प्राण्याची, ज्याला तेथे 'वाळूतला मासा' म्हणतात. रेघ संपली तेथे त्याने बुडी मारली होती.

पाचव्या फेरीनंतर आम्ही पायथ्याच्या एका झाडाखाली पाणी प्यायला बसलो. बारीक पाने, बारीक काटे, खाली झुकलेल्या फांद्या. "यह ग़ाफ़ है," मार्गदर्शक म्हणाला. संयुक्त अरब अमिरातीचे ते राष्ट्रीय झाड, आणि २०१९ हे वर्ष त्यांनी सहिष्णुतेचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा त्याचे चिन्हही तेच होते. पत्नीने एक डहाळी बोटांत धरली, थोडा वेळ पाहिली, आणि म्हणाली, "अहो, ही शमी." ती बरोबर होती. राजस्थानात जिला खेजडी म्हणतात आणि पांडवांनी अज्ञातवासात जिच्यावर शस्त्रे ठेवली असे आपण दसऱ्याला सांगतो, तीच ही शमी. खोलवर गेलेल्या मुळांनी ती वाळवंटात पाणी शोधते. मुंबईत आम्ही दसऱ्याला आपट्याची पाने वाटतो, शमीचे नाव पोथीपुरते घेतो, आणि शमी भेटली ती लाहबाबला, प्लॅस्टिकच्या बाटलीतून पाणी पिताना. मार्गदर्शकाला मी ही कथा सांगितली. त्याने शांतपणे ऐकून विचारले, "हथियार मिले बाद में?" मिळाले, म्हणालो.

दहा वाजेपर्यंत ऊन चढले आणि वाळू पायमोज्यांतून जाणवू लागली. जानेवारीत एवढे, तर उन्हाळ्यात तेथे काय होत असेल याची कल्पना न केलेली बरी. नोव्हेंबर ते मार्च याखेरीज या खेळासाठी जाऊ नये. पूर्ण बाह्यांचा शर्ट, घोट्यापर्यंतचे बूट, प्रत्येकी दोन लीटर पाणी आणि मोबाइलसाठी झिपची पिशवी एवढे न्यावे. मी मोबाइल पँटच्या खिशात ठेवला होता, आणि त्याचे चार्जिंगचे छिद्र साफ करायला मुंबईच्या दुकानदाराने अर्धा तास घेतला. गुडघ्यांचा किंवा पाठीचा त्रास असणाऱ्याने उभे राहण्याचा हट्ट करू नये. बसून घसरण्यात कमीपणा नाही, माझ्या पत्नीने तर आमच्यापेक्षा एक फेरी अधिक केली.

सातवी फेरी माझी शेवटची. त्या फेरीत मी एकदाही पायांकडे पाहिले नाही. समोर पाहत होतो, तेथे शमी होती आणि तिच्या सावलीत आमची गाडी.

परतल्यानंतरच्या रविवारी गिरगावात गेलो, तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळे सांगितले, मेण, सनमायका, शमी, पडणे. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "एकदा खाली यायला किती वेळ लागतो रे?"

"दहा-बारा सेकंदं."

"आणि किती वेळा आलास?"

"सातदा."

तिने मेथीची एक जुडी संपवली. "म्हणजे दीड मिनिटसुद्धा नाही," ती म्हणाली. "आणि चढलास किती वेळ?"

मी मनातल्या मनात सातला दहाने गुणले, आणि पुढची जुडी तिच्या हातून घेऊन निवडायला बसलो.